रुळाखाली काय घालायचं

बसलिंगतात्या कुणाच्याही घरी गेले की आधी टेबल वाजवून बघत. बोटाचं मधलं पेर टेबलावर टकटक आपटायचं, मान तिरकी करून ऐकायचं आणि निकाल द्यायचा, "बोलतंय" किंवा "मुकं हाय." मग खुर्ची वाजवायची आणि मगच बसायचं. मी कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेत त्यांच्या घराच्या खालच्या दोन खोल्या भाड्यानं घ्यायला गेले, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, नोकरी यातलं काही विचारलं नाही. माझ्या हातातली पत्र्याची ट्रंक तेवढी वाजवली. ट्रंक बोलत होती, म्हणून मला जागा मिळाली.

ही खोड त्यांना धंद्यात लागली. तात्यांची गुळाची अडत होती. बाकीचे अडते गूळ फोडून बघत, चाखून बघत. तात्या गुळाची ढेप वाजवून आत ओल किती ते सांगत. जिभेवर त्यांचा विश्वास नव्हता. जीभ गोडाला हुरळते, कान हुरळत नाही, असं त्यांचं म्हणणं. पुढे पुतण्या हाताशी आला, तात्यांनी दुकान त्याच्यावर सोपवलं आणि त्यांच्या बोटांना काम उरलं नाही. मग सगळी पेठ वाजू लागली. दूधवाल्याची किटली, शेजारच्यांचं नवं कपाट, कार्यालयातलं लग्नाचं स्टेज. एकदा आमचे हेडमास्तर माझ्याकडे आले होते. तात्या त्यांच्या टकलाकडे अशा काही नजरेनं बघू लागले की मी पाणीसुद्धा न विचारता थेट चहाच पुढे केला.

मी शाळेत गणित शिकवायचे. मला आवाज आवडत नाही, पसारा आवडत नाही आणि एकच गोष्ट दोनदा सांगणारी माणसं तर मुळीच आवडत नाहीत. तात्या एकच गोष्ट चारदा सांगत. बोलायला माणूस नसलं तर सायकलीशी बोलत. त्यांच्या पत्नी पार्वताक्का मात्र उलट स्वभावाच्या. दिवसभरात त्यांची जेवढी वाक्यं होत, तेवढी तात्यांची सकाळी विभूती लावता लावता होऊन जात.

अक्कांना काचबिंदू होता. नजर कडेनं मिटत आली होती. समोरचं तेवढं थोडं दिसे, तेही धूसर. तरी भाकरी, देवपूजा, धान्य निवडणं सगळं हाताच्या अंदाजानं चाले, आणि वर्षातून एकदा शिरोळकडच्या माहेरच्या जत्रेला त्या एकट्या जात. कोल्हापुरात पॅसेंजरमध्ये बसायचं, जयसिंगपूरला उतरायचं, पुढे भाऊ ट्रॅक्टर घेऊन यायचा. तात्यांनी बरोबर येतो म्हटलं तर त्या नको म्हणत. तेवढे दोन तास त्यांना कुणी बोलणारं नको असावं, असा माझा अंदाज.

एकदा तांदूळ निवडताना त्यांनी मला वडिलांची आठवण सांगितली होती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्या, तेव्हा वडील बैलगाडी घेऊन स्टेशनवर आले होते. एक शब्द बोलले नाहीत. पेटी उचलून खांद्यावर घेतली आणि चालू लागले. पुढे दरवर्षी तसंच. मी विचारलं, रागीट होते का? अक्का म्हणाल्या, "न्हाई ओ. बोलला असता तर मी रडले असते. अप्पाला ठावं हुतं ते."

एका वर्षी अक्का जत्रेला निघाल्या आणि जयसिंगपूरच्या आधीच्या, निमशिरगावच्या स्टेशनात उतरल्या. पाटी वाचता आली नाही, गर्दी उतरली म्हणून त्याही उतरल्या. गाडी गेली. भाऊ जयसिंगपुरात थांबलेला, अक्का निमशिरगावच्या बाकावर पेटी धरून बसलेल्या. कुणाला विचारावं तर म्हणतील, आंधळी बाई एकटी कशाला निघाली. म्हणून विचारलंही नाही. संध्याकाळ झाली तेव्हा भावानं त्यांना शोधून काढलं. परत आल्यावर त्यांनी पेटी रिकामी करून माळ्यावर टाकली. आपण आता गाडीत बसणार नाही, एवढं एकच वाक्य बोलल्या.

तात्या त्या दिवशी काही बोलले नाहीत. हे मी मुद्दाम सांगते, कारण तसा दुसरा दिवस मला आठवत नाही.

पुढच्या महिन्यात ते अक्कांना मुंबईच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. गेलेली नजर येत नाही आणि उरलेलीही फार दिवसांची नाही, असं डॉक्टर म्हणाले. परत येताना तात्यांच्या काखेत एक मोठा खोका होता. त्यात परदेशी बनावटीची खेळण्यातली आगगाडी होती. इंजिन, चार डबे आणि पेटीभर रूळ. रूळ पुरणार नाहीत म्हणून आणखी मागवायची व्यवस्थाही ते करून आले होते.

पेठेनं मनसोक्त हसून घेतलं. तात्यांनी सुतार बोलावला आणि माडीवरच्या खोलीत तीन भिंतींना कमरेच्या उंचीवर फळी ठोकून घेतली. खिडकीखाली कोल्हापूर, मग गूळ मार्केट, वळिवडे, पंचगंगेचा पूल, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव आणि देव्हाऱ्याजवळ जयसिंगपूर. मी विचारलं, गाडी मिरजेपर्यंत जाते, मग मिरज कुठे आहे? तात्या म्हणाले, "मिरजंत आपलं कोण हाय?"

मला वाटलं, म्हातारा चांगलं करतोय. बायकोची नजर आहे तोवर तिला घरात बसून माहेरची वाट बघता येईल. मी मनातून त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. मग गाडी सुरू झाली आणि मी सगळे गुण काढून घेतले.

त्यांची माडी लाकडी. फळी भिंतीतल्या लाकडी खांबांना ठोकलेली. वर गाडी धावली की माझ्या डोक्यावर कुणीतरी जात्यात खडे भरडतंय असा आवाज होई. मी सहामाहीचे पेपर तपासत होते. एका मुलीच्या बरोबर उत्तरावर मी चुकीची फुली मारली, तेव्हा लाल पेन खाली ठेवलं आणि जिना चढून वर गेले. तात्या फळीला कान लावून उभे होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आवाज चुकलाय, बाई."

मी म्हटलं, चुकलाय म्हणजे काय, भयंकर आहे. रुळाखाली काहीतरी जाड घाला. तात्यांनी एकदम मान वर केली. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या मनातलं चोरलं होतं. "रुळाखाली काय घालायचं, त्योच खरा सवाल हाय," असं म्हणून ते पायताण घालून बाहेर पडले. मला वाटलं, आठवड्यात काम होईल.

पहिलं आलं गोणपाट. अडतीतल्या जुन्या पोत्यांच्या पट्ट्या कापून त्यांनी कोल्हापूर ते रुकडी अंथरल्या. आवाज खरंच बसला, पण तागाचे धागे इंजिनाच्या चाकांना गुंडाळले गेले आणि वळिवड्याच्या अलीकडे इंजिनाला दाढी फुटली. तात्यांनी ते अक्कांच्या शिवणाच्या सुईनं साफ केलं. मग प्रत्येक पट्टी स्टोच्या ज्योतीवरून फिरवून वरचे धागे जाळले. त्या वासानं माझ्या खोलीत दोन दिवस कुणीतरी पोतं तळतंय असं वाटत राहिलं.

मग लाल माती. कोपऱ्यावरच्या तालमीतल्या हौद्याची माती ताक, तेल, लिंबू, हळद घालून मळलेली असते. पैलवान पडला तरी हाड मोडत नाही, मग रूळ कसा वाजेल, असा तात्यांचा हिशेब. ते डबा घेऊन गेले. वस्तादांनी विचारलं, माती कशाला? तात्यांनी पायताण काढून हौद्याला नमस्कार केला आणि सांगितलं, रेल्वेला. वस्तादांना वाटलं खऱ्याच रेल्वेचं काहीतरी भूमिपूजन आहे. त्यांनी डब्याऐवजी पोतंभर माती दिली आणि एक पैलवान ती घरपोच टाकून गेला.

माती गुळगुळीत थापून वर रूळ बसवले. दुसऱ्या दिवशी मातीतलं तेल रुळांवर चढलं. इंजिन कोल्हापूर स्टेशनात जागच्या जागी चाकं फिरवत उभं राहिलं आणि मग तेही थांबलं, कारण तेलामुळे वीजही पोचेना. ती माती कुठे फेकायची? हौद्याची माती पायदळी टाकत नाहीत. तात्या ती परत तालमीत घेऊन गेले, नारळ फोडला आणि हौद्यात ओतली. वस्तादांनी विचारलं, झाली का रेल्वे? तात्या म्हणाले, कोकणाकडं जायची हुती, रहित झाली.

चामड्याची तऱ्हा निराळी. पायताण शिवणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून त्यांनी म्हशीच्या चामड्याचे तुकडे आणले. घरात चामडं चालणार नाही, असं अक्का म्हणाल्या. तात्यांनी तुकडे उंबऱ्याबाहेर ठेवून युक्तिवाद केला की जे आयुष्यभर पायाखाली चाललं ते रुळाखाली का चालू नये. अखेर देव्हाऱ्यापासून हातभर दूर, निमशिरगावापर्यंतच, अशी तडजोड झाली. आवाज उत्तम आला, कोरडा आणि कडक. पण आषाढात चामडं ओल धरून फुगलं आणि निमशिरगावाला घाट लागला. गाडी वर चढे आणि पलीकडे डबे सोडून एकटीच उतरे. तात्यांनी ते सगळं उखडलं, वजनाखाली दाबलं, तेल पाजलं आणि पुन्हा बसवलं.

मी रोज शाळेतून आले की वर जाऊन चौकशी करी. माझी सहनशक्ती संपत आली होती. त्यात काकवीचं प्रकरण घडलं. रुळाखाली बारीक खडी टाकून ती चिकटवायची असं ठरलं होतं, आणि काकवीइतकं चिकट जगात काही नसतं यावर गुळाच्या माणसाची श्रद्धा. खडीवर काकवी शिंपडली गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांची रांग कोल्हापूरहून निघून हातकणंगल्यापर्यंत गेली होती, अगदी रुळाला धरून, कुठेही न थांबता. उरलेल्या मुंग्या जिना उतरून माझ्या साखरेच्या डब्यात आल्या. मुंगी मारायला तात्या तयार होईनात. त्यांनी गच्चीच्या कोपऱ्यात साखर टाकून मुंग्यांना समजावून वर न्यायचा प्रयत्न केला. मुंग्यांनी समजून घ्यायला आठवडा लावला.

बुक बाइंडिंगवाल्यानं त्यांना मुंगी लागू नये म्हणून चिंचोक्याच्या खळीत मोरचूद घालायला शिकवलं, तेव्हा तो प्रश्न सुटला. खिळे तर त्यांनी आधीच काढून टाकले होते, कारण वर कितीही मऊ घातलं तरी खिळ्यातून आवाज फळीत उतरतो, हे त्यांच्या कानानं पकडलं होतं. हे सगळं ठीक होतं. पण माझ्या शिस्तीच्या डोळ्यांना एक गोष्ट सोसेना. प्रत्येक प्रयोगाचा एक तुकडा तात्या फळीवर तसाच ठेवत. गूळ मार्केटला गोणपाट, वळिवड्याला काथ्या, रुकडीला उसाच्या चिपाडाची दाबलेली पाटी, हातकणंगल्याला सायकलच्या टायरचं रबर, निमशिरगावाला चामडं. लाईन म्हणावी की जुना बाजार, हेच कळत नव्हतं.

आणि मध्येच ते गायब होत. एकदा आमच्या शाळेतले शिपाई सांगत आले की तुमचे घरमालक मिरज पॅसेंजरमध्ये डब्याच्या फरशीला कान लावून आडवे पडले होते. तिकीट तपासनीसाला वाटलं, माणसाला चक्कर आली. तात्यांनी पडल्या पडल्या तिकीट दाखवलं आणि त्यालाही शेजारी आडवा हो, म्हणाले. तो झाला, असं तात्या सांगतात. मी ते अर्धंच खरं मानते. परत आले की ते कुणाशी न बोलता माडीवर जात आणि टकटक सुरू होई. एकदा त्यांनी माझी ट्रंक मागितली. ट्रंकेचं झाकण पंचगंगेच्या पुलाला अगदी बरोबर बोलेल, असं त्यांचं म्हणणं. मी नाही म्हटलं. रोज जिन्यात भेटून ते ट्रंकेची खुशाली विचारू लागले, तेव्हा झाकण देऊन टाकलं.

अक्का या सगळ्यात खोलीच्या मधोमध पाटावर बसून वाती वळत. मी चिडून काही बोलले तर म्हणत, "खेळू द्या बाई त्यांला." पण त्यांचा हात आता वातीसाठी कापूस शोधताना चाचपडू लागला होता. ते मला दिसत होतं आणि त्याचाच मला राग येत होता. ही बाई बघू शकेल अशा महिन्यांची मोजदाद संपत आलेली आणि नवरा, जे कुणाला कधी दिसणारच नाही, त्याच्यात गुंतलेला. स्टेशनं बांधली नव्हती, डब्यांत माणसं बसवली नव्हती, पाट्याही लिहिल्या नव्हत्या.

शेवटी मीच प्रश्न हातात घेतला. शाळेच्या प्रयोगशाळेत बाटल्यांना बुचं असतात. बूच आवाज खातं, हे मला ठाऊक होतं. उद्यमनगरातल्या कारखान्यांत चौकशी केली तेव्हा इंजिनांच्या जोडात घालायचे बुचाचे तक्ते मिळतात, असं कळलं. एक गुंडाळी आणून तात्यांसमोर टाकली. त्यांनी एक तुकडा फळीवर ठेवला, वर रूळ ठेवला, पेरानं वाजवलं. पुन्हा वाजवलं. चेहरा असा गंभीर झाला की मला वाटलं, आणण्यात काही चूक झाली.

"हे मुकं हाय," ते म्हणाले. "लई मुकं हाय, बाई."

माझ्या आग्रहापायी दोन दिवसांत त्यांनी सगळी लाईन बुचावर घेतली. रविवारी मी जेवून आडवी झाले, वर गाडी चालू होती, आणि मला फक्त पंख्याचा आवाज येत होता. वर्षभरातला तो माझा पहिला आनंदाचा रविवार. मी वह्या तपासल्या आणि दोन नापास मुलींना पास केलं.

सोमवारी शाळेतून आले तर वरून पुन्हा खडखडाट. जिना चढले. तात्या बूच उखडत होते. खाली पुन्हा गोणपाट, काथ्या, चामडं. मग मात्र माझा तोल गेला. अक्का समोर बसल्यात याचंही भान राहिलं नाही. मी म्हटलं, "तात्या, यांची नजर तुमच्यासाठी थांबणार नाही. रुळाखाली काय आहे हे कुणाला दिसणार आहे?"

तात्यांनी हातातली सुरी खाली ठेवली.

"दिसायचं न्हाईच हाय की, बाई," ते म्हणाले. "डबं रंगवलं, ठेसनं बांधली, पाट्या लिवल्या, तर ती नजरंबरोबर जाणार. कान जात न्हाई. ही तितं निमशिरगावात एकटी बसलीवती. पाटी न वाचता ठेसन कळलं पायजे. मी गाडीत पडून पडून ऐकून आलोय. पुलावर पत्रा बोलतोय, निमशिरगावाला मुरूम हाय, तितं कडक वाजतंय. समदं जमलं, एक जयसिंगपूर जमंना. काळी माती हाय तितली, आवाज खाली बसतोय. काय बी घातलं तरी बसंना. तुमचं बूच बसलं. पर सगळीकडं मुकं घालून कसं चालंल? मग तिला जयसिंगपूर कळायचं कसं?"

मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले. खरं सांगायचं तर मला रडायला आलं.

अक्कांनी वातीचा कापूस बाजूला ठेवला. त्यांनाही हे आत्ताच कळत होतं, कारण तात्यांनी चारदा सांगायच्या गोष्टींत ही एकदाही सांगितली नव्हती. मग त्या म्हणाल्या, "मला न्हाई जमायचं ते." तात्या म्हणाले, जमेल. त्या म्हणाल्या, न्हाई. तात्यांनी गाडी कोल्हापूरला नेऊन लावली.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यावरचा खडखडाट नियमानं सुरू झाला आणि मी कधी तक्रार केली नाही. संध्याकाळची दिवाबत्ती झाली की अक्का फळीकडे पाठ करून पाटावर बसत. तात्या गाडी सोडत. वीज गेली तर पुतण्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडत. अक्कांनी स्टेशनाचं नाव सांगायचं. गूळ मार्केट पहिल्यांदा जमलं. मग पूल, कारण माझ्या ट्रंकेचं झाकण खरंच बोलत होतं. रुकडी आणि हातकणंगल्याला वेळ लागला. निमशिरगावाला त्या पुन्हा पुन्हा जयसिंगपूर म्हणत. मन तिथंच घाई करत होतं. चुकल्या की चिडून उठत, आणि तात्या गाडी परत कोल्हापूरला नेत. मी एरवी अशा चिकाटीच्या मुलींना वर्गात पुढे बसवायचे.

मधल्या दिवसांत अक्कांना समोरचं उरलंसुरलंही दिसेनासं झालं. नेमकं कधी, ते त्यांनी सांगितलं नाही. एके संध्याकाळी मी वर गेले तर खोलीत दिवा लावायचा राहिला होता आणि त्या वाती वळत होत्या. तात्या गाडी चालवत होते. चामड्यावरून गाडी खणखणत गेली, आणि पुढे बुचावर चढली तसा आवाज एकदम खाली बसला.

"हां," अक्का म्हणाल्या. "हे माझं जयसिंगपूर."

तात्यांनी गाडी थांबवली. दोन्ही हात फळीवर टेकून उभे राहिले, आणि बऱ्याच वेळानं त्यांना दिवा लावायची आठवण झाली.

त्या वर्षी जत्रा सुट्टीत आली. पेटी माळ्यावरून खाली उतरली. अक्कांनी मलाही चला म्हटलं, आणि तात्यांना अट घातली की गाडीत तोंड उघडायचं नाही. तात्यांनी अट मान्य केली. खिडकीशी अक्का, समोर तात्या आणि मी. अक्कांनी एक तळवा डब्याच्या लाकडी पट्टीवर ठेवला होता. गाडी सुटली तसे त्यांचे ओठ हलू लागले. नावं त्या मनातच घेत होत्या. पंचगंगेच्या पुलावर त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि हसल्या. तात्या दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसले होते. त्यांची बोटं शिवशिवत होती.

निमशिरगावला गाडी थांबली. डब्यात गडबड उडाली. शेजारची एक बाई पिशव्या गोळा करत अक्कांना म्हणाली, "चला मावशी, जयसिंगपूर आलं." मी अर्धी उठले. तात्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

अक्का हलल्या नाहीत. "न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "अजून कडक वाजतंय."

ती बाई उतरली. फलाटावर जाऊन पाटी बघितली आणि धावत परत चढली. गाडी सुटली. काही वेळ ऊस, विहिरी, पुन्हा ऊस, आणि मग चाकांचा आवाज जमिनीत उतरल्यासारखा झाला. मला तो फरक कळला असं मी सांगणार नाही. अक्कांना कळला. गाडी थांबायच्या आधीच त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि दाराकडे चालू लागल्या.

फलाटावर पाय ठेवल्यावर त्या थांबल्या. चेहरा तात्यांच्या दिशेला वळवला. अट संपली होती. आता हा माणूस बोलेल, चारदा बोलेल, सगळ्या फलाटाला गोळा करून सांगेल, असं मला वाटलं. अक्कांनाही तसंच वाटलं असावं. त्या वाट बघत होत्या.

तात्यांनी काही म्हटलं नाही. पेटी उचलून खांद्यावर घेतली आणि चालू लागले. त्यांची पायताणं फरशीवर करकर वाजत होती. अक्का त्या आवाजामागून निघाल्या, एका हातानं माझा दंड धरून. चालता चालता मला म्हणाल्या, "बघा, अगदी आमच्या अप्पागत," आणि तिथंच रडू लागल्या.

मी त्यांचा हात धरून चार पावलं भरभर टाकली आणि तात्यांच्या बरोबरीला गेले. त्यांना म्हणणार होते, आता तरी काहीतरी बोला. पण पेटीआडून त्यांचं तोंड दिसलं, डोळे आणि मिशा सगळं भिजलेलं. मी गप्प मागे आले.